जाळ्याचा पहारा

घाटकोपरच्या जुन्या वसाहतींमध्ये परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलांना एक आवाज चांगला ओळखीचा असतो. रखवालदार फेरी मारताना मधूनमधून काठी आपटतो, शिट्टी वाजवतो. 'चोर आला' असे सांगण्यासाठी ती शिट्टी नसते. 'मी जागा आहे, सगळे ठीक आहे' एवढाच तिचा अर्थ. आता एखाद्या रात्री शिट्टी वाजलीच नाही, तर आपण काय समजायचे? चोर आलेला नाही असे, की रखवालदाराला झोप लागली असे? घरात बसून ऐकणाऱ्याला दोन्ही शांतता सारख्याच.

हे कोडे आपल्या शाळेच्या संगणक-कक्षातही आहे. भिंतीवर टांगलेल्या लोखंडी कपाटात एक चपटी पेटी असते. तिच्यात वीस-चोवीस तारा खोचलेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. ही पेटी म्हणजे स्विच. कक्षातले सगळे संगणक तिच्यामार्फत एकमेकांशी आणि बाहेरच्या इंटरनेटशी जोडलेले असतात. स्विच जर 'मॅनेज्ड' जातीचा असेल, तर संगणकावरून त्याचे एक पान उघडता येते. त्यात रकाने असतात: स्थिती किती वेळाने विचारायची, कोणत्या मर्यादेला इशारा द्यायचा, तो कोणाला पाठवायचा. बहुतेक ठिकाणी हे रकाने कारखान्यातून आले तसेच राहतात, कारण त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. खरे तर त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कधीतरी घडलेल्या एका फसगतीतून शिकलेला धडा आहे. तो इतिहास कळला की रकाने भरणे अवघड राहत नाही.

रुळांमधून वाहणारी वीज

सुरुवात घाटकोपरवरून जाणाऱ्या लोहमार्गापासूनच करू या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली भारतातील पहिली प्रवासी गाडी याच वाटेने गेली. एका मार्गावर एका वेळी एकच गाडी असते, तोवर काळजी नसते. गाड्या वाढल्या की प्रश्न येतो: पुढचा मार्ग मोकळा आहे हे कळायचे कसे?

यावरचे एक सुंदर उत्तर अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये दिले. त्याने रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी जोडली आणि दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकावर चालणारी कळ, म्हणजे रिले. मार्ग मोकळा असला की वीज रुळांमधून वाहते, चुंबक कळ ओढून धरतो आणि सिग्नल 'जा' म्हणतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, कळ सुटते आणि सिग्नल 'थांबा' म्हणतो.

रॉबिन्सनने हे उलटही करता आले असते. गाडी आल्यावर वीज सुरू होईल अशी रचना त्याला जमली असती. पण मग बॅटरी संपली किंवा तार तुटली, तर गाडी असूनही सिग्नलने 'जा' म्हटले असते. त्याच्या रचनेत बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तडकला, तरी वीज थांबते आणि सिग्नल लाल होतो. शांततेचा अर्थ त्याने 'धोका' असा ठरवून टाकला. रखवालदाराच्या शिट्टीचे कोडे इथे सुटले: वीज ही सतत वाजणारी शिट्टी, आणि ती थांबली की थांबायचे.

आपल्याकडे १९२८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने बोरीबंदर (व्हिक्टोरिया टर्मिनस) ते भायखळा या पट्ट्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसवले. आज घाटकोपरच्या फलाटावर उभे राहून पुढचा सिग्नल लाल झालेला दिसतो, तेव्हा त्यामागे हाच विचार असतो.

आपली तब्येत सांगणारे जाळे

१९६९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर आर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. त्याच्या प्रत्येक ठाण्यावर निरोपांची ने-आण करणारा एक छोटा संगणक होता. त्याला 'इंप' म्हणत. इंप बनवणाऱ्या बीबीएन या संस्थेने मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे एक नियंत्रण केंद्र उभारले. प्रत्येक इंप ठरावीक वेळाने स्वतःचा आणि आपल्याला जोडलेल्या तारांचा अहवाल तिथे पाठवी. अहवाल आला नाही, तर तीही बातमीच. यामुळे एक गंमत घडू लागली. हजारो मैलांवरच्या दोन गावांमधली टेलिफोनची तार बिघडली की केंब्रिजमधून टेलिफोन कंपनीला फोन जाई, 'तुमची तार बिघडली आहे.' कंपनीच्या माणसांना ते आधी खरेच वाटत नसे.

पण अहवालांची ही पद्धतही एकदा उलटली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास ठप्प झाले. 'माझी कोणती तार चालू आहे' असे निरोप इंप एकमेकांना पाठवत. कोणता निरोप नवा हे कळावे म्हणून त्यांवर ० ते ६३ असे क्रमांक असत. ६३ नंतर पुन्हा शून्य, घड्याळासारखे. त्या दिवशी एका इंपच्या बिघाडामुळे क्रमांकातले काही बिट गळाले आणि एकाच ठाण्याचे ८, ४० आणि ४४ या क्रमांकांचे तीन निरोप जाळ्यात फिरू लागले. ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि घड्याळ पुढे फिरून आल्याने ४४ पेक्षा ८ नवा! मुलांच्या दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखी ही स्थिती झाली. प्रत्येक इंप 'हा नवा निरोप' म्हणून तेच तीन निरोप पुढे ढकलत राहिला आणि बाकीच्या कामाला जागाच उरली नाही. जाळ्याची तब्येत सांगणारी बातमीच जाळ्याचा रोग झाली. पहाऱ्यालाही खर्च असतो, हा धडा तिथे मिळाला.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने 'पिंग' नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनार यंत्राच्या ध्वनीचा जसा प्रतिध्वनी येतो, तसा दूरच्या संगणकाला एक निरोप पाठवायचा आणि उत्तर किती वेळात येते ते मोजायचे. आजही 'नेट चालू आहे का' हे पाहताना पहिली आज्ञा दिली जाते ती हीच. पण पिंग फक्त 'जिवंत आहे' एवढेच सांगते. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी चालू होती, पण गर्दीमुळे तिचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. दिवा हिरवा होता आणि काम ८०० पटींनी मंदावले होते. 'चालू की बंद' एवढे विचारणे पुरेसे नाही, 'किती' हेही विचारायला हवे, हे तेव्हा कळले.

जुहू ते पवई

आता मुंबईत परत येऊ. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, अर्नेट हे शैक्षणिक व संशोधन जाळे सुरू केले. त्यात दिल्लीचा स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईत जुहू येथील एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) अशा आठ संस्था होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी या कामातील एक प्रमुख व्यक्ती. जुहूचे हे केंद्र आणि घाटकोपरच्या उत्तरेला डोंगरापलीकडे असलेले पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. सरळ रेषेत हे अंतर दहा किलोमीटरही नाही, पण देशातल्या इंटरनेटच्या इतिहासात ते पहिल्या पावलांपैकी एक आहे.

ही जोडणी 'डायल-अप' होती. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. अशा जोडणीत शांतता नेहमीचीच. फोन लागला नाही तर पुन्हा लावायचा. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९,६०० बिट वाहणारी कायमची तार भाड्याने घेण्यात आली आणि १९९२ पर्यंत आठही संस्था अशा तारांनी जोडल्या गेल्या. त्याच वर्षी एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनियाकडे ६४,००० बिटांची जोडणी सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

कायमच्या तारेमुळे शांततेचा अर्थ बदलला. जी तार चोवीस तास बोलायला हवी, ती गप्प झाली तर काहीतरी बिघडले आहे. म्हणजे कोणीतरी सतत लक्ष ठेवायला हवे. पण किती सतत? एक साधे गणित विद्यार्थ्यांना देता येईल. 'कशी आहेस?' हा प्रश्न १०० बाइटांचा, म्हणजे ८०० बिटांचा, धरा. ९,६०० बिटांच्या तारेवरून तो जायला सेकंदाचा बारावा भाग लागतो. सेकंदाला दहा वेळा विचारले तर ८,००० बिट चौकशीतच जातील आणि तारेचा सहावा हिस्सा कामाला उरेल. रोग्याला सारखे 'कसे वाटते?' विचारून झोपू न देण्यासारखेच हे. 'किती वेळाने विचारायचे' हा रकाना या हिशेबातून आला. १९९४-९५ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे टोबिआस ओएटिकर याने एका ६४,००० बिटांच्या तारेवरची गर्दी आलेखात दाखवणारा एमआरटीजी हा कार्यक्रम लिहिला. तो दर पाच मिनिटांनी विचारी. पाच मिनिटांचा हा अवकाश आजही पुष्कळ ठिकाणी रूढ आहे.

विचारणे आणि सांगणे

वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच भाषेत प्रश्न विचारता यावेत म्हणून ऑगस्ट १९८८ मध्ये एसएनएमपी ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच 'साधी' असा शब्द आहे. यंत्रात एक छोटा कार्यक्रम बसतो, त्याला एजंट म्हणतात. देखरेख करणारा संगणक त्याला विचारतो आणि एजंट उत्तर देतो. काही फारच विशेष घडले तर एजंट न विचारता स्वतःहून एक निरोप पाठवतो. त्याचे नाव 'ट्रॅप'.

मग सगळे ट्रॅपवरच का सोडू नये? कारण ट्रॅप त्याच जाळ्यातून जातो जे बिघडलेले असू शकते. शिवाय हा निरोप साध्या टपालासारखा आहे. पोहोचल्याची पावती येत नाही. वीज गेलेली पेटी 'माझी वीज गेली' असे सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही लागतात: बातमी लवकर मिळावी म्हणून ट्रॅप, आणि शांततेचा अर्थ कळावा म्हणून विचारणे. पावती मागणारा निरोप १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला.

याच सुमारास स्विचचा जन्म झाला. त्याआधीची पेटी म्हणजे हब. ती एका तारेवर आलेला निरोप सगळ्या तारांवर पाठवी, वर्गात मोठ्याने पुकारा केल्यासारखा. १९९० मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सात तोंडांचा पहिला इथरनेट स्विच विकायला आणला. तो पोस्टमनसारखा ज्याचे पत्र त्यालाच देई. तिचे नाव आपल्याला परके वाटणार नाही: 'कल्पना'. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकाच्या पत्नीचे हे नाव. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली.

स्विचने गर्दी कमी केली, पण एक नवी अडचण आणली. हबच्या काळात एका कोपऱ्यात 'ऐकणारा' संगणक ठेवला की वर्गातले सगळे बोलणे कानी पडे. स्विचमध्ये त्याला फक्त स्वतःची पत्रे मिळतात. आता साक्ष देऊ शकणारा एकच उरला, तो म्हणजे स्विच. म्हणून एजंट स्विचच्याच आत जाऊन बसला आणि मॅनेज्ड स्विच रूढ झाला.

उंबरठे दोन का?

एजंट प्रत्येक तारेवरून गेलेले बाइट मोजत असतो. हा काउंटर विजेच्या मीटरसारखा फक्त पुढे जातो. दोन वेळच्या आकड्यांतला फरक म्हणजे वापर. सुरुवातीचे काउंटर ३२ बिटांचे होते. ते ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्य होतात. सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे सव्वा कोटी बाइट, वाहणारी तार पूर्ण भरून वाहिली तर काउंटर सुमारे ३४४ सेकंदांत फिरून येतो. पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद, म्हणून तिथवर चालून गेले. तार दसपट वेगाची झाली तेव्हा तो ३४ सेकंदांतच फिरू लागला आणि पाच मिनिटांनी घेतलेला फरक निरर्थक ठरला. म्हणून ६४ बिटांचे काउंटर आले. त्याच वेगाने ते भरायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील.

आकडा मिळाल्यावर इशारा कधी द्यायचा? समजा आपण ८० टक्के ही मर्यादा ठरवली. वापर ७९, ८१, ७९, ८१ असा हेलकावत राहिला, तर दर वेळी इशारा येईल आणि तासाभरात आपण तो वाचणे सोडून देऊ. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट यंत्रांनाही लागू आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरमॉन या पद्धतीने यावर उपाय दिला: उंबरठे दोन ठेवायचे. ८० ओलांडल्यावर एकदा इशारा. नंतर वापर ६० च्या खाली उतरेपर्यंत पुन्हा तोच इशारा नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत हीच युक्ती असते. टाकी अर्ध्याखाली गेली की मोटर सुरू, काठोकाठ भरली की बंद. दोन्हींसाठी एकच खूण ठेवली तर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळेल.

फार आवाज आणि फार शांतता

हे सारे बारकावे कशासाठी, ते दोन मोठ्या दुर्घटनांतून कळते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू लागले. त्यांतला महत्त्वाचा कोणता हे कर्मचाऱ्यांना कळेना. त्यातच एक झडप उघडी अडकली होती, पण फलकावरचा दिवा ती बंद असल्याचे सुचवत होता. कारण तो दिवा 'बंद हो' ही आज्ञा गेली की नाही तेवढेच दाखवत होता. झडप खरोखर मिटली का, हे दाखवत नव्हता.

दुसरी घटना उलट प्रकारची. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारा देणारा संगणक-कार्यक्रमच मूकपणे बंद पडला. पडद्यावर काही येत नव्हते, म्हणून सगळे ठीक आहे असे तासाभराहून अधिक काळ समजले गेले. त्या वेळात एकामागून एक वीजवाहिन्या बंद पडत होत्या. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास बिघाड पसरत गेला आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. शिट्टी थांबली होती आणि ती थांबल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आपल्या कपाटातली पेटी

आता शाळेच्या स्विचचे ते पान पुन्हा उघडू या. चौकशीचा अवकाश पाच मिनिटे ठेवावा. चाळीस संगणकांच्या कक्षाला तेवढे पुरते. चढता आणि उतरता उंबरठा वेगवेगळे ठेवावेत. कोणत्या तोंडांसाठी इशारा हवा हे निवडावे: इंटरनेटकडे जाणारी आणि दुसऱ्या स्विचला जोडणारी तार बंद पडली तर कळायलाच हवे. विद्यार्थ्याने तास संपल्यावर आपला संगणक बंद केला, तर कोणाला उठवण्याचे कारण नाही. नोंदवहीत इशाऱ्यांचे ० ते ७ असे आठ दर्जे असतात. शून्य सर्वांत गंभीर. सगळे दर्जे फोनवर पाठवले तर थ्री माइल आयलंडचाच फलक आपल्या खिशात येईल.

जुन्या पद्धतीत एजंटला प्रश्न विचारायचा परवलीचा शब्द पुष्कळदा कारखान्यातून 'पब्लिक' असाच येई आणि तो उघड्या पत्रासारखा तारेवरून जाई. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवण्यासारखे ते होते. शब्द बदलावा आणि जमेल तिथे निरोप सांकेतिक लिपीत पाठवणारी तिसरी आवृत्ती वापरावी. ती २००२ मध्ये पूर्ण मानक झाली.

आणि शेवटचा रकाना: इशारा कोणाला? इथे यंत्र काहीच सुचवू शकत नाही. बदलून गेलेल्या शिक्षकाचा पत्ता तिथे राहिला असेल, तर बाकीचे सगळे रकाने बिनचूक भरूनही उपयोग नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसमोर एक प्रयोग करावा. कक्ष रिकामा असताना, आधी कल्पना देऊन, इंटरनेटकडे जाणारी तार काढावी आणि घड्याळ लावून बसावे. बाहेर जाणारी वाटच तुटलेली असल्याने स्विच स्वतः इशारा पाठवू शकेल का, याचा विद्यार्थ्यांना आधी विचार करू द्यावा. मग इशारा कोणाकडे, किती मिनिटांनी आणि कोणत्या वाटेने आला, ते फळ्यावर लिहावे. आलाच नाही, तर तेही लिहावे. रखवालदार जागा आहे की नाही हे कळण्यासाठी आठवड्यातून एकदा तरी खिडकीतून डोकावून पाहावे लागते.